जावक क्रमांक एक्केचाळीस

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दुकान आहे, आणि गेली कितीतरी वर्षं मी लोकांच्या घरातली घाण उघडून बघतोय. बाहेरून चकचकीत दिसणारा डबा उघडावा, तर आत पालीची अंडी. कीबोर्ड उलटा करून आपटला की सुपारीची खांडं, नखं, केस, वाळलेली शितं पडतात. एकदा तर दुधाचा दात पडला होता. पंख्यात अडकून शिजलेल्या झुरळाचा वास दोन दिवस नाकातून जात नाही आणि नेमका जेवायला बसलं की आठवतो. बायको म्हणते, एवढी शिसारी येते तर दुसरं काहीतरी बघा. आता ह्या वयात दुसरं काय बघू, कपाळ?

जगन्नाथ गुरुजींच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र धुळीचा कण नव्हता. मागची झाकणी काढली तर आतली पाटी कालच दुकानातून आणल्यासारखी हिरवीगार. वायरी एका बाजूला दोऱ्यानं बांधलेल्या. असा डबा मी ना आधी बघितला, ना नंतर. आणि उभ्या आयुष्यात मला ओकारी आली ती फक्त त्या एका डब्यापुढं बसून.

अंथुर्णे सोडून इंदापूरच्या अंगाला निघालं की कालव्याच्या कडेला आमची वाडी लागते. चौथीपर्यंत शाळा, एक अंगणवाडी, मारुतीचं देऊळ, बाकी सगळा ऊस. त्या शाळेत गुरुजींनी सगळी नोकरी काढली आणि हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. अजून माझ्या तोंडातून त्यांच्याबद्दल 'ते'च निघतं. लहानपणी लागलेलं वळण आहे, जात नाही, आणि जात नाही याचाही मला राग येतो.

गुरुजी म्हणजे पांढरं धोतर, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. आमच्याकडं उसाच्या सीझनला रस्त्यावर फूटभर फुफाटा असतो, ट्रॅक्टर गेला की माणूस दिसत नाही. त्यातून गुरुजी शाळेत यायचे ते जसेच्या तसे पांढरे. खिशात रुमाल दोन. एक स्वतःसाठी, दुसरा इतरांनी हात लावलेल्या वस्तूंसाठी. दाराची कडी, खुर्चीची पाठ, आमच्या वह्या, सगळं दुसऱ्या रुमालानं धरायचे. खडू कागदात गुंडाळून धरायचे. कुणाच्या घरी चहा घ्यायचे नाहीत, पाणी तेवढं घ्यायचे, तेही वरून, भांड्याला ओठ न लावता. लोकांना त्याचं केवढं कौतुक. माणूस असावा तर असा, म्हणायचे.

दर सोमवारी नखं बघायचे. आम्ही ओळीत उभे राहून हात पुढं करायचो. ज्याची नखं काळी त्याला पट्टी. पण गुरुजींनी स्वतः कधी कुणाला मारलं नाही. आपली पट्टी मळक्या हाताला लागू नये म्हणून म्हणा, नाहीतर आणखी कशासाठी म्हणा, ते शेजारी उभ्या असलेल्या पोराला पट्टी द्यायचे आणि त्याला मारायला लावायचे. हळू मारली तर त्याच्या हातावर दुसऱ्या कुणाकडून. माझ्या शेजारी असायचा बाळू. आमचं आणि त्याचं घर एका भिंतीचं. बाळूनं मला दोन पट्ट्या मारल्या त्या गुरुजींच्या सांगण्यावरून, पण मी महिनाभर बोलायचं सोडलं ते बाळूशी. आणि ज्याला मार बसला त्याला गुरुजी मधल्या सुट्टीत जवळ बोलवायचे. दुसऱ्या रुमालानं त्याचे डोळे पुसायचे आणि म्हणायचे, "रडू नकोस. मी आहे ना." आम्हाला ते देवमाणूस वाटायचे.

त्यांचं एक वाक्य वाडीत म्हणीसारखं चालायचं. "ज्याची नोंद नाही, ती गोष्ट घडलीच नाही." शाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, आणि तो क्रमांक वहीत. खडूचा डबा मागायचा असला तरी जावक क्रमांक. चुकून एखादा कागद नंबराशिवाय पोस्टात गेला तर शिपायाला सायकलवरून परत पिटाळायचे. हाताची सवय पडली की ती माणसाबरोबर सरणावरच जाते म्हणतात, ते खोटं नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला. मीच बारामतीहून आणून जोडून दिला होता. त्याला हळदकुंकू वाहिलं, वर तीन फडकी शिवून घेतली. शाळेचा इतिहास लिहितो आहे, असं सगळ्यांना सांगायचे. बायको आधीच वारली होती, एकटे असायचे. शाळेत नव्या बाई आल्या होत्या आणि शाळा गुरुजींवाचून नीट चालली होती. पहिलं वर्षभर त्यांच्या ओट्यावरच्या दोन खुर्च्या रिकाम्याच दिसायच्या. मग हळूहळू तिथं माणसं दिसायला लागली. कुणावर काही बालंट आलं, चौकशी लागली, नोटीस आली, की तो कागदांची पिशवी घेऊन गुरुजींच्या ओट्यावर. अर्ज लिहावा तर गुरुजींनी. अक्षर मोत्यासारखं.

त्याच सुमारास माझ्या आईवर अर्ज झाला. आई शाळेत खिचडी शिजवायची. पोरांना हातानं वाढायची, नको म्हणणाऱ्याला आणखी घाल म्हणायची. कुणी निनावी अर्ज केला तालुक्याला. टाईप केलेला, खाली सही 'एक जागरूक पालक'. त्यातली वाक्यं मला अजून तोंडपाठ आहेत. 'सदर महिलेच्या हातास स्वच्छता नाही. तिच्या हातचे अन्न पाहून विद्यार्थ्यांस किळस येते. सदर महिला तांदूळ पदरात बांधून नेते.' चौकशीला साहेब आले. त्यांनी सगळ्या पोरांसमोर आईला हात पुढं करायला सांगितलं. चुलीपुढं बसणाऱ्या बाईचे हात, ते कसे असणार? काळेच असणार. आईला काढून टाकली.

तांदळाचं आईनं मनावर घेतलं नाही, चोर म्हणोत, देव बघतोय म्हणाली. पण ते हाताचं तिच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर ती कुणाच्या लग्नात पोळ्या लाटायला गेली नाही. घरी पाहुणा आला की वाढायला माझी बायको. नातवाला घास भरवायचा तर चमच्यानं. धुण्याच्या पावडरीनं हात धुवून धुवून कातडीला चिरा पडल्या, त्यात मीठ गेलं की कळवळायची, पण धुवायची सोडायची नाही. आणि शाळेच्या फाटकापुढून जायचं नको म्हणून देवळाला वळसा घालून जायची. अकरा वर्षं.

चौकशी झाली त्याच संध्याकाळी गुरुजी आमच्या घरी आले. बाजेवर स्वतःचा रुमाल अंथरून बसले. पाणी वरून प्यायले. आई रडत होती. गुरुजी म्हणाले, "मी नाव घेत नाही. पण परका माणूस असं लिहीत नाही. भिंतीपलीकडचाच असतो."

आमच्या भिंतीपलीकडं शेवंताकाकू. बाळूची आई. त्या वर्षी खिचडीच्या कामाला तिनंही विचारणा केली होती, एवढं पुरे झालं. आईनं तिच्याशी बोलणं टाकलं. दोन्ही घरांच्या मागं एकच मोकळं अंगण होतं, एकीनं चूल पेटवली की दुसरी इंगळ मागून न्यायची. तिथं आईनं मधोमध पत्रा उभा केला. गुरुजींनी आईच्या बाजूनं तालुक्याला खुलासा लिहून दिला, स्वतःच्या हातानं, आणि एक प्रत आईला दिली. त्याचा काही उपयोग झाला नाही. पण आईनं तो खुलासा आणि चौकशीच्या नोटिशीबरोबर आलेली त्या निनावी अर्जाची प्रत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला, आणि दर संक्रांतीला गुरुजींना डबाभर तिळाच्या वड्या पाठवायला लागली. त्या मात्र ती स्वतःच्या हातानं थापायची. म्हणायची, एक त्यो मानूस तेवढा माझ्या हातचं खातो. डबा दोन दिवसांनी घासून, पुसून, आत चमचाभर साखर घालून परत यायचा. ती साखर आई देवापुढं ठेवायची.

यंदा संक्रांतीच्या आधी गुरुजींचा फोन आला. कॉम्प्युटर बंद होत नाही. बंद कर म्हटलं की बंद होतो, आणि क्षणभरानं आपोआप पुन्हा सुरू होतो. दुकानात घेऊन या म्हटलं तर नको म्हणाले, घराबाहेर काढायचा नाही, इथंच येऊन माझ्यासमोर कर. माझं डोकं फिरलं होतं, कारण घरी जाऊन बसलं की चार गिऱ्हाइकं जातात. पण आईनं वड्या बांधूनच ठेवल्या होत्या. वर दम दिला, की गुरुजींकडून एक रुपाया घेशील तर बघ.

गेलो. पायताण बाहेर. पाय धुवा. मग हात धुवा, साबण लावून, गुरुजी शेजारी उभे. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. दिवसभर लोकांची थुंकी पुसणाऱ्या माणसाला असं घर म्हणजे स्वर्ग. वड्यांचा डबा त्यांनी दुसऱ्या रुमालानं धरला आणि खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला. मग एकेक फडकं उचलून, घडी घालून बाजूला ठेवलं. प्रिंटरवरचं फडकं काढलं नाही. "प्रिंटरला हात लावू नकोस," म्हणाले. "त्याचं नंतर बघू."

त्यांना त्या बंद न होण्याचा फारच त्रास होत होता. मी बंद करतो, उठून जातो, आणि माझ्या पाठीमागं ते पुन्हा उघडं होऊन बसतं, असं तीनतीनदा सांगत होते. प्लग उपटत का नाही, असं विचारलं तर दुखावले. मशीनला असं तोडायचं नसतं म्हणाले. बंद कर म्हटलं की नीट बंद झालं पाहिजे, शिस्त आहे. मला त्याचं हसू आलं होतं.

मी आधी साध्या गोष्टी बघितल्या. चालू करायचं बटण आत रुतून बसलंय का, बघितलं. कीबोर्डची एखादी कळ दाबली जाऊन मशीन जागं होतंय का, म्हणून कीबोर्ड आणि माऊस काढून बघितले, परत जोडले. लाईट आली की आपोआप सुरू व्हायची एक सोय असते, आपल्याकडच्या मोटारीच्या ऑटो स्टार्टरसारखी, ती बंद केली. काही फरक नाही. बंद म्हटलं की पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा उजळायचा. गुरुजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते, हात मांडीवर ठेवून.

ह्या मशीनांची एक खोड आहे. बंद होता होता आत कुठं अडखळून पडली, तर झालेली चूक दाखवत नाहीत, गुपचूप पुन्हा सुरू होतात. ती सोय काढून टाकली की मग निळी पाटी येते आणि कुठं ठेच लागली ते सांगते. मी ती सोय काढतोय तोवर बाहेरून 'गुरुजी' अशी हाक आली. बाळूची बायको, सुनंदावहिनी. ती अंगणवाडीत सेविका आहे. हातात कागदांची पिशवी, डोळे सुजलेले. तिच्यावर निनावी अर्ज झाला होता, हे आईकडून मला कळलं होतं. पोरांचा खाऊ म्हशीला घालते आणि हात न धुता वाढते, म्हणून. गुरुजींनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग प्रिंटरकडं, आणि उठून ओट्यावर गेले.

मी मशीन बंद केलं. निळी पाटी आली. खाली फाईलचं नाव होतं, ते प्रिंटरचं. म्हणजे प्रिंटरकडं पाठवलेलं काहीतरी अर्ध्यात अडकलेलं, आणि दर वेळी मशीन बंद होताना त्याच्यावर ठेचकाळत होतं. टेबलामागं हात घातला तर प्रिंटरची वायर निसटलेली. दिवाळीची साफसफाई करताना मागचं पुसलं असणार, तेव्हा सुटली. एवढंच दुखणं होतं. मशीन परत सुरू केलं आणि अडकलेल्या कागदांची यादी उघडली, काढून टाकायला.

तेवढ्यात खिडकीतून गुरुजींचा आवाज आला. हळू, समजुतीचा. "मी नाव घेत नाही, सुनंदा. पण परका माणूस असं लिहीत नाही. भिंतीपलीकडचाच असतो."

अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं, त्याच चालीत. भिंतीपलीकडं म्हणजे आता माझी आई. यादीत तीन नोंदी होत्या, तिन्ही एकाच कागदाच्या. 'जा.क्र. ११७, अंगणवाडी, स्मरणपत्र २.'

निनावी अर्जाला स्मरणपत्र. आणि त्याला जावक क्रमांक. मी तो कागद जिथं साठवला होता तो फोल्डर उघडला. एकापासून एकशे सतरापर्यंत सगळं ओळीनं. वर एक नोंदवही. मी एक्केचाळीसवर थांबलो, कारण पुढं लिहिलं होतं 'खिचडी, तक्रार'. त्याच्या खाली बेचाळीस, 'वरील प्रकरणी खुलासा, हस्तलिखित, संबंधित महिलेस प्रत दिली'. त्याच्या खाली पतसंस्थेच्या शिपायावर तक्रार, त्याच्या खाली त्याचा खुलासा. पाणीवाटपवाल्यावर तक्रार, त्याचा खुलासा. सगळी वाडी जोडीजोडीनं मांडून ठेवलेली. आधी मारायला लावायचं आणि मग डोळे पुसायचे.

एक्केचाळीस उघडला. 'तिच्या हातचे अन्न पाहून विद्यार्थ्यांस किळस येते.' झुरळं, पाली, थुंकी, सगळं पचवलेला माणूस मी, पण त्या चकचकीत टेबलापुढं पोटातून उमासा आला आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसलो. वास आला असता तर बरं झालं असतं. खोलीत नुसता साबणाचा वास होता.

अडकलेले कागद काढून टाकायला एक बटण दाबावं लागतं. रोज दाबतो मी ते. त्या दिवशी नाही दाबलं. टेबलाखाली वाकलो आणि प्रिंटरची वायर घट्ट बसवली. फडक्याखाली प्रिंटर घरघरला. मी फडकं ओढून काढलं आणि एक्केचाळीसही छापायला लावला.

गुरुजींना मी आयुष्यात पहिल्यांदा पळताना बघितलं. एका हातात धोतराचा सोगा धरून आत आले. "प्रिंटरला हात लावू नकोस म्हटलं होतं ना," म्हणाले. कागद एकेक करून बाहेर पडत होते. त्यांच्या मागोमाग वहिनीही दारात येऊन उभी राहिली. मी वरचा कागद उचलून तिच्या हातात दिला. "वहिनी, ह्यो तुमचा हाय. वाचा."

ती शिकलेली बाई. सगळा वाचला. पिशवीतून तालुक्याहून आलेला पहिला अर्ज काढला आणि दोन्ही शेजारी धरले. मग गुरुजींकडं बघून म्हणाली, "डाव्या कोपऱ्यातला आकडा बी तुमीच घालता व्हय, गुरुजी?"

मला वाटलं आता ते खाली बसतील, हात जोडतील, निदान घाम तरी फुटेल. काही नाही. म्हणाले, "ती कार्यालयीन प्रत आहे. दुमडू नकोस." मग मी आईचा कागद पुढं धरला आणि का केलं एवढंच विचारलं. त्यावर त्यांना खरंच नवल वाटल्यासारखं दिसलं. "मी फक्त चौकशी मागितली, विलास. निर्दोष माणसाला चौकशीची भीती कसली? आणि पुढं पाठीशी कोण उभं राहिलं? मीच ना?" हे म्हणताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांना ते पटलेलं होतं. मग टेबलाकडं बोट करून म्हणाले, "आता बंद होतो का?"

मी बंद केला. झाला. पुन्हा सुरू झाला नाही. "छान," म्हणाले, आणि फडकी घालायला लागले. मी कागद घेतले, खिडकीच्या कट्ट्यावरचा डबा घेतला आणि बाहेर पडलो. धुऊन पाठवतो म्हणत होते. वाटेत वहिनीनं डब्याकडं बघितलं आणि सांगितलं, की वड्या ते दरसाली गाईपुढं टाकतात, आईच्याही आणि शेवंताकाकूच्याही, तिनं गुरुजींच्या घरामागच्या गोठ्यात बघितलं होतं. तिला वाटलं होतं, गोड सोसत नसेल.

घरी आईला मी आधी कागद दाखवला नाही. ट्रंकेतली पिशवी काढायला लावली. अर्जावर डाव्या कोपऱ्यात जा.क्र. ४१. गुरुजींच्या मोत्यासारख्या अक्षरातल्या खुलाशावर जा.क्र. ४२. अकरा वर्षं एका पिशवीत, पोटाला पोट लावून. आम्ही दोन्ही शंभरदा वाचले होते, पण आकडा कोण बघतो? सरकारी कागद म्हटला की त्यावर आकडा असायचाच. आईनं दोन्हीवर बोट ठेवलं, एकदा ह्यावर, एकदा त्यावर. मग मी सगळं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं ते भलतंच.

"वड्या खाल्ल्या का रं त्यानं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण आमच्या घरात खोटं फार झालं होतं. नाही म्हटलं, गाईला घातल्या. आईनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग उठली आणि मला म्हणाली, मागचा पत्रा काढ. गंजून जमिनीत रुतला होता, पहार लागली. पलीकडं शेवंताकाकू भांडी घासत होती. ती उठून उभी राहिली. तिला वहिनीनं सांगितलेलं असावं, कारण ती रडतच होती. दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, मी पत्रा टाकायला उसाच्या बांधाला गेलो होतो. परत आलो तर आईच्या डब्यातली वडी काकूच्या तोंडात होती.

सुनंदावहिनीनं दोन्ही कागद तालुक्याला नेऊन दिले आणि तिच्यावरची चौकशी थांबली. शाळेच्या बाईंनी आईचाही कागद वाचला, घरी येऊन गेल्या. आणि गुरुजींचं काय झालं म्हणाल तर काही नाही. वाडीतल्या लोकांना मी ते एकशे सतरा आकडे वाचून दाखवले. लोक चुकचुकले. म्हणाले, म्हातारा माणूस हाय, सोडा आता. एक जण म्हणाला, काय बी म्हण, अक्षर लई देखणं हाय. आठवडा झाला नाही तोवर ओट्यावरच्या खुर्चीत पुन्हा एक जण पिशवी घेऊन बसलेला बघितला मी. तो ज्या अर्जावर खुलासा लिहून घ्यायला आला होता तो अर्ज कुणाचा असेल, हे त्याला ठाऊक होतं. तरी बसला होता. मला तेव्हा गुरुजींची जेवढी शिसारी आली तेवढीच आमची आली.

सव्वीस जानेवारीला मी मुद्दाम दुकान बंद ठेवून गेलो. झेंड्याला पुढच्या ओळीत खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीत गुरुजी, टोपीपासून पायापर्यंत पांढरे. कुणी बोलावलं होतं की आपले आपण आले, विचारायचा कुणाला धीर झाला नाही. झेंडावंदन झालं. जिलेबीची परात निघाली. तेवढ्यात फाटकातून आई आली. देवळाला वळसा न घालता, सरळ रस्त्यानं, शेवंताकाकूचा हात धरून. बाईंनी काही न बोलता परात तिच्यापुढं केली.

आधी पोरांना वाढली. हातानं. मग पाहुण्यांना, कागदाच्या तुकड्यावर एकेक. गुरुजींपुढं आली तेव्हा कागद घेतला नाही. त्यांनी सवयीनं दुसरा रुमाल काढून तळहातावर पसरायला घेतला.

"रुमाल नगं," आई म्हणाली. "हात फुडं करा."

पोरं बघत होती. गुरुजींनी इकडंतिकडं बघितलं. मधे पडायला कुणी उठलं नाही. त्यांनी हात पुढं केला. आईनं पाकात निथळणारी जिलेबी, तिच्या त्या चिरा पडलेल्या बोटांनी, त्यांच्या उघड्या तळहातावर ठेवली आणि तिथंच उभी राहिली. "खावा, गुरुजी," म्हणाली. "माझ्या हातचं हाय."

त्यांनी खाल्ली. डोळे मिटून, एकेक घास, औषध गिळावं तशी. शेवटचा घास घशाखाली उतरेपर्यंत आई हलली नाही. मग परात कमरेवर घेऊन पुढच्या खुर्चीकडं गेली.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हाच. उठून शाळेच्या नळाकडं गेले, पण टाकी रिकामी होती. नळ नुसता फुसफुसला. उजव्या हाताची बोटं ताणून, पांढऱ्या कपड्यांना पाक लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून, ते फाटकातून बाहेर पडले आणि कालव्याच्या वाटेला लागले. दोन माशा त्यांच्या हाताभोवती फिरत होत्या, आणि तोही मळेल म्हणून दुसऱ्या हातानं त्या हाकलता येईनात. मागं परातीजवळ आई कुणाला तरी आणखी घे म्हणत होती. कालव्याला त्या आठवड्यात पाणी सुटलेलं नव्हतं.